अस्तरामागचा माइक

शशिकांत माने दुसऱ्याच्या गाडीत शिरताना बूट काढायचा.

आमच्या ड्राइव्हवेवर तो पहिल्यांदा आला तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. कामाचे जाडजूड बूट त्याने काढले, मागच्या चाकाशी जोडीने लावून ठेवले, स्वतःबरोबर आणलेल्या फडक्याला तळवे पुसले आणि मगच दार उघडून तो आत बसला. मला वाटलं, याला बूट चावत असतील. बाहेर जाऊन विचारलं, तर म्हणाला, "काकू, गाडी म्हणजे कुणाचं तरी घरच की. घरात कोण बूट घालून येतं का?"

"ऑस्ट्रेलियात येतात," मी म्हटलं.

"येतात. म्हणून तर त्यांची कारपेटं बघा."

अन्वी आणि ईशान, गेल्या खेपेला तुम्ही एडिंबराहून आलात तेव्हा ज्या गाडीतून आपण फिरलो, तीच ही गाडी. ईशान, तू सीटखाली डोकं घालून स्पीकर शोधत होतास. डॅशबोर्ड चाचपलास, दारांना कान लावलेस आणि शेवटी दमून म्हणालास, "आजी, देअर इज नो स्पीकर. इट्स अ घोस्ट!" ते भूत शशिकांतने बसवलेलं होतं. मागच्या आठवड्यात तुमच्या आईने फोनवर सहज विचारलं, "तो शशिकांत हल्ली येत नाही का गं?" आणि मी एवढी संतापले की तिलाच म्हणावं लागलं, "आई, नंतर बोलू." म्हणून आता क्रमाने सगळं लिहून काढते आहे. शांतपणे लिहायचं ठरवलं आहे, पण जमेलच असं नाही.

शशिकांत चाळिशीचा. विट्याजवळच्या एका गावचा. इथे विद्यार्थी म्हणून आला, गाड्यांच्या वायरिंगचा कोर्स केला, शिकताना हॉटेलात भांडी घासली, मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर पॅरामॅटाजवळ गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात नोकरीला लागला. शनिवार-रविवारी तो आमच्या उपनगरातल्या, स्कोफिल्ड्समधल्या, आपल्या लोकांच्या गाड्यांत गाण्याची यंत्रणा बसवून द्यायचा. त्याच्या वडिलांचा गावी लग्नामुंजीला लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. "वडिलांनी अख्ख्या तालुक्याचे कान फोडले काकू," तो म्हणायचा, "मी त्याचं प्रायश्चित्त घेतोय."

त्याची खासियत म्हणजे बसवलेलं काही दिसायचं नाही. इतरांनी केलेलं काम मी पाहिलं आहे. डिकीत सुटकेसएवढा खोका, सीटखालून डोकावणाऱ्या वायरी, दाराला चिकटवलेल्या चकचकीत जाळ्या. शशिकांतचं काम संपलं की गाडी शोरूममधून आली तशीच्या तशी दिसायची. मोठा खोका स्टेपनीच्या खळग्यात जायचा, वायरी कारपेटखालून कडेकडेने जायच्या, स्पीकर कंपनीच्याच जाळ्यांमागे बसायचे. प्रत्येक वायरीला तो कापडी पट्टी गुंडाळायचा, म्हणजे गाडी उडाली तरी खडखड होऊ नये. "कंपनीने कुठं ना कुठं जागा ठेवलेली असतीय काकू. आपल्याला सापडत नाही, एवढंच."

त्याचं सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे एक जुनं इडलीपात्र. गाडीचं एकेक अस्तर सोडवताना निघालेले स्क्रू तो त्या खळग्यांत क्रमाने ठेवायचा. पहिल्या खळग्यात पहिल्यांदा निघालेले, शेवटच्यात शेवटचे. बसवताना उलट्या क्रमाने. मी सरकारी खात्याच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये सव्वीस वर्षं काढली, फायलींचा क्रम लावण्यात माझा जन्म गेला. पण ते इडलीपात्र पाहून मला या माणसाला आमच्या खात्यात घ्यावंसं वाटलं. त्याची बायको मनीषा त्या भांड्यावरून त्याला रोज टाकून बोलायची. "आमच्याकडं इडल्या वाटीत होतात," ती मला सांगायची, "पात्र साहेबांच्या गाडीत."

आता तुमच्या आजोबांची गोष्ट. शशिकांत आमच्याकडे यायला लागला त्या वर्षी त्यांना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. इथे गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे मी त्यांच्या डाव्या बाजूला. मी बोललेलं त्यांना कळेना, रस्ता सांगणारी बाई काय म्हणते ते कळेना, वळणं चुकायची आणि वर ते माझ्यावरच चिडायचे. कानाच्या यंत्राचं नाव काढलं की उठून बागेत जायचे. शशिकांत त्यांच्याबरोबर अर्धा तास गाडीतून फिरून आला आणि म्हणाला, "काका, कानाला काही झालेलं नाही. या गाडीच्या आवाजाची दिशाच चुकलीय. मी फिरवून देतो."

आजोबा विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत राहिले.

त्याने काय केलं, ते मी गॅरेजमध्ये उभी राहून पाहिलं. ड्रायव्हरच्या डोक्यामागची उशी काढली, तिची शिवण उसवली, आत उजव्या कानाच्या बाजूला तळहाताएवढा स्पीकर बसवला आणि वाकड्या सुईने शिवण पुन्हा घातली. मूळच्याच भोकांतून एकेक टाका. तीन तास लागले. त्या दिवसापासून आजोबांना रस्ता सांगणारी बाई ऐकू आली, त्यांचं नाट्यसंगीत ऐकू आलं आणि दोन वर्षं त्यांनी मला कुठे कुठे फिरवलं. ते गेले तोवर त्यांची समजूत हीच होती की गाडीत दोष होता आणि तो दुरुस्त झाला. मीही कधी सांगितलं नाही. हे एवढ्यासाठी लिहिते आहे की लपवण्यालाच माझा विरोध आहे, असं तुम्हाला वाटायला नको.

आता किरण राजवाडे. हा आपल्या इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. पॅरामॅटाला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दिसायला छान, बोलायला त्याहून छान. कार्यक्रमाची फुलं आणायला एकदा तो माझ्या गाडीत बसला. गाणं सुरू झालं आणि तो ईशानसारखाच इकडेतिकडे बघायला लागला. "काकू, अनबिलीव्हेबल! कुणी केलं हे?" मी मोठ्या अभिमानाने शशिकांतचा नंबर दिला. मीच दिला, हे विसरू नका. मी विसरलेले नाही.

किरणने नुकतीच नवी गाडी घेतली होती. त्याच्या बायकोने, वृंदाने, गाडी घेतानाच अट घातली होती की या गाडीला हात लावायचा नाही, कारण आधीच्या दोन्ही गाड्या त्याने गाण्याच्या नादापायी फोडून ठेवल्या होत्या. तेव्हा याला अशी यंत्रणा हवी होती की रोज त्या गाडीत बसणाऱ्या बायकोला कळू नये. स्वतःच्या घरी काम करून घेणं शक्य नव्हतं. शशिकांतचं गॅरेज मनीषाच्या पाळणाघराने भरलेलं. म्हणून माझं गॅरेज ठरलं. वृंदा कामावर गेली असताना, आठवड्यातल्या मधल्या एका दिवशी किरण सुट्टी टाकून गाडी घेऊन आला. माझ्या घरी येणाऱ्याजाणाऱ्याची मी वहीत नोंद ठेवते, तुमची आई त्यावरून मला हसते. तर त्या दिवशीचीही नोंद वहीत आहे. कोण आलं, किती वाजता आलं, काय काम झालं.

"काकू, तेवढं आपल्यातच ठेवा हं," किरण म्हणाला.

"बायकोपासून लपवायला तू काय कॉलेजात आहेस?"

"तुम्ही तिला ओळखत नाही, काकू."

"ओळखते. म्हणूनच विचारतेय."

तो हसला, मीही हसले आणि चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा शशिकांत डिकीत आडवा झाला होता, नुसते मोजे घातलेले पाय बाहेर. आतूनच विचारत होता, "साहेब, मॅडमनी मला विचारलंच, तर काय सांगू?"

"काहीच सांगायचं नाही. शब्द दे मला."

"दिला."

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. हातात चहाचा ट्रे होता.

त्या दिवशी त्याने स्टेपनीशेजारी खोका बसवला, दारांच्या जाळ्यांमागे स्पीकर बसवले. आणखी एक गोष्ट किरणने मागून घेतली. ऑफिसचे फोन गाडीतून घेताना आपला आवाज पलीकडे घुमतो, अशी त्याची तक्रार होती. म्हणून शशिकांतने हरभऱ्याएवढा एक माइक छताच्या अस्तरामागे, दिव्याजवळ बसवला. संध्याकाळी गाडी गेली. बायकोला कळलं नाही. कळणारच नव्हतं, काम शशिकांतचं होतं.

आठ महिन्यांनी शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी किरणच्या गाडीला मागून ठोकलं. दुरुस्तीवाल्यांनी डिकीचा तळ उचलला, तर खोका. विमा वृंदाच्या नावावर, त्यामुळे तिला फोन गेला: गाडीत हा बदल केल्याचं तुम्ही कळवलं होतं का? ती चक्रावली. तिने सगळी गाडी तपासायला सांगितली आणि छतातून माइक निघाला. घरी येऊन तिने तो किरणसमोर धरला. तेव्हा तो काय म्हणाला, ते मला पुढे वृंदानेच सांगितलं. तो म्हणाला, "मला काय माहीत? शशीला एकदा रिव्हर्स कॅमेरा नीट करायला गाडी दिली होती. त्याने आत काय काय घुसवलं, देव जाणे."

बास, एवढंच बोलला. बायकोच्या रागातून सुटायला याने दुसऱ्या माणसाला पुढे केलं. आणि अन्वी, तू दहा वर्षांची आहेस, तुलासुद्धा प्रश्न पडेल की दुसऱ्याच्या गाडीत एवढं महागाचं सामान कुणी फुकट कशाला बसवेल? वृंदा चांगली शिकलेली बाई. मंडळात इंजिनीयर आहेत, डॉक्टर आहेत. हा प्रश्न एकालाही पडला नाही.

वृंदाने शशिकांतला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही राजवाडेसाहेबांनाच विचारा." तिला वाटलं, चोर टाळाटाळ करतोय. तिने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की घरगुती माणसाकडून ज्यांनी गाडीचं काम करून घेतलंय त्यांनी छत तपासून घ्या, आमच्या गाडीत लपवलेला माइक सापडलाय. नाव लिहिलं नव्हतं. गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत दोनशे माणसांना कळलं होतं की शशिकांत माने लोकांच्या गाड्यांत माइक लावून त्यांचं बोलणं ऐकतो. कशासाठी ऐकतो? आपल्या लोकांच्या गाडीतलं बोलणं म्हणजे घराचे हप्ते, शाळेची ट्यूशन आणि सासूबाईंचा व्हिसा. ते चोरून ऐकायला कोण रात्रंदिवस बसणार आहे! पण लोकांना आपलं बोलणं फार मोलाचं वाटतं. एका बाईंनी लिहिलं, "मला तो पहिल्यापासूनच विचित्र वाटायचा. बूट काढून गाडीत बसतो." ते वाचलं तेव्हा मी फोन पालथा घातला. माणसाची सभ्यतासुद्धा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावतात, हे मी सव्वीस वर्षांच्या फायलींत कधी पाहिलं नव्हतं.

लोक तो नोकरीला होता त्या दुकानात गाड्या घेऊन गेले, "आधी लावलेलं सगळं काढा" म्हणाले. मालकाने त्याला नोकरीवरून काढलं नाही, फक्त गाड्यांवरून उठवून गोदामात खोकी मोजायला बसवलं. मंडळाच्या गणपतीत तो दरवर्षी हॉलमधली ध्वनियंत्रणा लावायचा. सकाळी सातला यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा, जेवायलासुद्धा शेवटी. त्याला निरोप गेला, "या वर्षी तू रेस्ट घे." आणि मनीषाच्या पाळणाघरात पाच मुलं यायची, त्यातली दोन पहिल्याच आठवड्यात यायची बंद झाली. माइक लावणाऱ्याच्या घरी मुलं कशी ठेवायची?

मी त्याच्याकडे गेले. गॅरेजमध्ये, पाळणाघराच्या सामानातच, तो वायरींची भेंडोळी करत बसला होता.

"तू सांगत का नाहीस?" मी विचारलं.

"शब्द दिलाय काकू."

"त्या माणसाने तुझं नाव मातीत घातलं, आणि तू त्याला दिलेला शब्द पाळत बसलायस?"

"ते चांगले वागतील, या बोलीवर थोडाच दिला होता?" तो म्हणाला. "आज यांचं सांगितलं, तर उद्या लोक म्हणतील, शशीला गाडी द्याल तर गावभर करेल. लोकांच्या गाडीत काय काय सापडतं काकू, तुम्हाला काय सांगू. सीटखाली चिठ्ठ्या सापडतात, औषधं सापडतात. मी सगळं जिथल्या तिथं ठेवतो. आजपर्यंत एकाचं दुसऱ्याला कळलेलं नाही."

मला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला. मग मी किरणला फोन केला.

"काकू, जरा वेळ जाऊ द्या ना," तो म्हणाला. "दोन आठवड्यांत लोक विसरतील. नो वरीज."

"नो वरीज कुणाला?"

"म्हणजे, आता मी बोललो तर घरात केवढं होईल, तुम्हाला कल्पना नाही."

"रविवारपर्यंत सांग. नाहीतर मी सांगेन."

रविवार गेला. त्याने फोन केला की वृंदाची आई आलेली आहे, या आठवड्यात नको. मी पुढचा रविवार दिला. तोही गेला. मी माझी समजूत घालत होते की मीही 'आपल्यातच' राहील असं कबूल केलंय, हा नवरा-बायकोचा मामला आहे, शशिकांतचीच तशी इच्छा आहे. आणखीही एक कारण होतं, ते खालच्या आवाजात सांगते. आजोबा गेल्यापासून मला या मंडळाशिवाय कोणी नाही. दर महिन्याला कोणीतरी जेवायला बोलावतं, डॉक्टरकडे न्यायला कोणीतरी येतं. अध्यक्षाशी वैर घ्यायला मी घाबरले. इतरांवर एवढी आगपाखड केली, तर हेही लिहायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात मी चालायला बाहेर पडले होते. शशिकांतच्या घरासमोर गवतावर लहान मुलांच्या पाच खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या. पहिलीवर कागद चिकटवला होता: फ्री. म्हणजे हव्या त्याने उचलून न्याव्यात. शेवटचं मूलही यायचं बंद झालं होतं. मी घरी परतले, वही घेतली आणि तशीच वृंदाकडे गेले.

वृंदाने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागे रेलली, आणि मुलांनो, ती हसली! "बघा काकू, असा आहे हा! नुसतं मोठं झालेलं पोर आहे." किरणला दोन दिवस अबोला आणि फ्रिजमधलं शिळं अन्न, एवढी शिक्षा झाली. पुढच्या जेवणावळीत तो स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगत होता, "आणि मग वृंदाने माइक माझ्या नाकासमोर धरला," आणि सगळे पोट धरून हसत होते.

"आणि शशिकांतचं काय?" मी वृंदाला विचारलं होतं.

"हो, त्याला सॉरीचा मेसेज टाकते ना मी."

टाकला. हात जोडल्याच्या चित्रासकट. पण त्याला एकट्याला. बदनामी दोनशेजणांत आणि माफी एकट्याला, हा कुठला हिशेब? मी ग्रुपवर सहा ओळी लिहिल्या. गाडी माझ्या गॅरेजमध्ये होती, काम किरणने सांगून करून घेतलं, माइक फोनसाठी होता, शशिकांतने शब्द दिला म्हणून तो गप्प राहिला. दहा मिनिटांत त्या ओळी गायब. अध्यक्षांचा निरोप आला, "काकू, ग्रुप फक्त कार्यक्रमांसाठी आहे, प्लीज."

मग मी मंडळाची यादी काढली आणि एकेका घरी फोन लावला. चौतीस घरं. बोलून झालं की नावापुढे खूण. जवळजवळ प्रत्येकाने मला एकच सांगितलं: "अहो काकू, आम्ही कुठे विश्वास ठेवला होता!" विश्वास कोणीच ठेवला नव्हता. गाड्या मात्र तपासून घेतल्या होत्या, मुलं काढून नेली होती, गणपतीत त्याला रेस्ट दिली होती. "मग त्याला तसं कळवा ना," मी म्हणायचे. "हो हो, भेटला की सांगू." भेटणार कुठे? तुम्हीच त्याला बोलवायचं बंद केलंत.

दोन महिन्यांनी शशिकांतला वॉलॉंगॉंगला बसगाड्यांच्या वायरिंगचं काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला, मी न बोलावता. नेहमीसारखे बूट काढून गाडीत बसला, सगळं तपासलं आणि मला एक कागद दिला. गाडीचं चित्र, त्यात कुठली वायर कुठून जाते, फ्यूज कुठे आहे, पुढे कोणी दुसऱ्याने उघडलं तर कुठलं अस्तर आधी काढायचं. स्वच्छ, ठळक अक्षरांत. माझ्या खात्यातल्या कुठल्याही फाइलला शोभला असता असा कागद.

"मी चौतीस घरांना फोन केले, शशिकांत," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. बहुतेक शाबासकी हवी होती.

"कळलं मला."

"त्या किरणला तर मी जन्मात माफ करणार नाही."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्डवरचे स्वतःच्याच बोटांचे ठसे पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "राजवाडेसाहेबांचा मला राग नाही काकू. ते तसेच आहेत, काम घेतानाच कळलं होतं. राग तुमचा आला होता."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"मी बांधलेलो होतो. तुम्ही नव्हता. तुम्ही चहा घेऊन तिथं उभ्या होता, तुम्हाला सगळं माहीत होतं. मी रोज मनीषाला सांगायचो, आज काकू बोलतील. आज बोलतील बघ. तीन आठवडे सांगत होतो."

"आला होता, की अजून आहे?" मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आजोबांशी बोलला तेवढंच. "आहे थोडा," तो म्हणाला. "जाईल." मग उतरला, बूट घातले, नाड्या बांधल्या, वाकून मला नमस्कार केला आणि गेला.

तुमच्या आईला वाटतं, मी हे सगळं फार मनाला लावून घेतलंय. ज्याचं त्याचं आयुष्य पुढे गेलं. किरणचं गेलंच आहे, तो पुन्हा अध्यक्ष झाला. पण तुम्हा दोघांनाही कधीतरी कोणीतरी गोड आवाजात सांगेल की एवढं आपल्यातच ठेवा. ठेवा, ठेवायला हरकत नाही. फक्त त्याची तोशीस तिसऱ्याच कुणाला लागायला लागली, तर त्याच दिवशी तोंड उघडा. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. मी दोन रविवार दिले आणि ते माझे नव्हतेच, शशिकांतचे होते.

येत्या शनिवारी मी ट्रेनने वॉलॉंगॉंगला जाते आहे. त्याने बोलावलेलं नाही. पत्ता मी दुकानातून मिळवला. शशिकांतला भेटेन, पण आधी मनीषाशी बोलायचं आहे. त्या तीन आठवड्यांत मी त्याच्याशी बोलले, किरणशी बोलले, स्वतःशी तर रोज बोलत होते. तिच्या दारावरून रोज चालत जात होते आणि तिला एकदाही हाक मारली नव्हती.